टाकलेला ठसा

२ मार्च, सोमवार

आले एकदाची. दोन पिशव्या, एक वळकटी आणि बाबांचा शाई फिरवायचा रबरी रूळ घेऊन दोन जिने चढले आणि वर पोचल्यावर सगळ्यात आधी बेसिन बघितलं. पांढरं, बिनतड्याचं, नळ न गळणारा आणि साबणाची वडी कोरडी ठणठणीत. ज्या घरात साबण बुळबुळीत नसतो तिथली माणसं बरी असतात, असं माझं आपलं एक मत आहे. धाकटी मला त्यावरून छळते. म्हणते, ताईला नवरा मिळाला नाही त्याला साबणच कारणीभूत आहे.

काम हस्तरेषा सांगणाऱ्या बाईंकडे मिळालंय. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान, पहिल्या मजल्यावर बाईंच्या दोन खोल्या, माळ्यावर माझी. बाहेरच्या खोलीत मी बसायचं. टेबल, जाड काच, शाईची ट्यूब, कोऱ्या कागदांची चवड आणि पायाशी वेताची टोपली. आलेल्या माणसाच्या तळहाताला रुळाने शाई लावायची, कागदावर ठसा घ्यायचा आणि तो मधल्या पडद्याखालून आत सरकवायचा. बाई आत बसून ठसा वाचतात आणि तिथूनच मोठ्याने सांगतात. माणसाच्या हाताला त्या शिवतसुद्धा नाहीत. पांढरे सुती हातमोजे चोवीस तास चढवलेले असतात. मला हे इतकं आवडलं की त्यांना तिथल्या तिथे नमस्कारच करणार होते. हात ही माणसाची सगळ्यात घाण वस्तू आहे. कुठे कुठे जाऊन आलेला असतो तो, आणि मग आपल्यापुढे पसरतात.

वीस वर्षं बाबांच्या छापखान्यात शाईत काढली, म्हणून हे काम मिळालं. बाबा गेले, छापखाना बंद झाला, पण सवयी राहिल्या. काचेवर शाई पसरली की आधी स्वतःच्या डाव्या हाताला लावून बघायची, कागदावर दाबायची, जाड की पातळ ते ठरवायचं आणि तो कागद टोपलीत टाकायचा. गिऱ्हाइकाच्या कागदावर प्रयोग करायचा नाही, असा बाबांचा दंडक होता. तिथे अंगठा पुरायचा, इथे सगळा पंजा लागतो. धाकटीही तशीच शिकली आहे. तिला आणि मला बाबांनी एकाच साच्यात ओतलंय.

हे लिहिताना डाव्या हाताने पान दाबून धरलंय, तर कोपऱ्यात रेषारेषांची करडी नक्षी उठली. शाई रेषांत जाऊन बसते, साबणाला दाद देत नाही. आयुष्यरेषेच्या सुरुवातीचा माझा वणसुद्धा दिसतोय, कागद कापायच्या यंत्रात हात गेला होता तेव्हाचा. वहीचं पहिलंच पान मळवलं. शोभते खरी मी.

३ मार्च, मंगळवार

आज अकरा हात. जेवण गेलं नाही.

पहिला एका खाटकाचा. धुऊन आला होता, पण नखांच्या कडांत तांबूस काहीतरी वाळलेलं होतं, आणि ते शाईत भिजून सुटलं. दुसरा एका मास्तरणीचा, घामाने इतका ओला की कागद हाताबरोबरच उचलला गेला आणि सोलून काढावा लागला. एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांच्या तळव्याला खरूज. ठसा छान आला, पण कागदावर खपल्या चिकटल्या. मी चिमट्याने एकेक काढली. ते माझ्याकडे प्रेमाने बघत होते. वर म्हणतात कसे, पोरीचा हात हलका आहे.

एवढ्याशा तळव्यात या लोकांनी अख्खं आकाश कोंबलंय. अंगठ्याखाली शुक्राचा उंचवटा, तर्जनीखाली गुरूचा, मधल्या बोटाखाली शनी, पलीकडे रवी आणि बुध, आणि मनगटाच्या वर कडेला चंद्र. रेषा फुगून मधे पोकळी राहिली की तो यव. आडव्या-उभ्या बारीक रेषांचा गुंता म्हणजे जाळी. यव वाईट, जाळी त्याहून वाईट. बाई पडद्याआडून सांगत होत्या आणि मी मनात म्हणत होते, त्या जाळीत अडकलेला मळ कुणी सांगत नाही तो.

सहा वेळा हात धुतले.

५ मार्च, गुरुवार

आज गर्दी नव्हती म्हणून बाईंनी बाहेर येऊन मला शिकवलं. गोऱ्या, ठेंगण्या, वयाचा अंदाज न येणाऱ्या. आवाज मात्र सपाट, कुणीतरी यादी वाचावी तसा. म्हणाल्या, तीन रेषा खऱ्या, बाकी पसारा. अंगठ्याभोवती फिरते ती आयुष्यरेषा. तळव्याच्या मधून आडवी जाते ती मस्तकरेषा, तिच्यावर बुद्धी आणि आठवण. बोटांच्या मुळाशी धावते ती हृदयरेषा, माया सगळी तिच्यात. चौथी भाग्यरेषा, मनगटाकडून वर चढणारी, ती माणसाला कुठे जायचं ते सांगते. डावा हात मूळ आणि उजवा त्याची नक्कल, मूळ पुसलं की नक्कल आपोआप कोरी पडते, असंही म्हणाल्या. मला हे पटलं. छापखान्यात तसंच असतं.

त्यांची एक रीत आहे. वाचून झाला की प्रत्येकाचा ठसा पाकिटात घालून ज्याचा त्याला परत द्यायचा, आणि बजावायचं की जपून ठेवा, टाकू नका. लोक पाकीट छातीशी धरून जातात. मला वाटलं, धंद्याची युक्ती आहे, चालायचंच. टोपली मात्र त्या रोज संध्याकाळी स्वतः रिकामी करतात. मी करते म्हटलं तर म्हणाल्या, राहू द्या, तेवढं माझं काम. मालकीण असून कचरा स्वतः उचलते. अशी बाई मला वीस वर्षांपूर्वी भेटायला हवी होती.

दुसरं माणूस लागणारच आहे म्हणाल्या. मी लगेच धाकटीला पत्र टाकलं. तिकडे एका खानावळीत भांडी मोजत बसण्यापेक्षा इकडे ये, बेसिन स्वच्छ आहे.

८ मार्च, रविवार

सकाळी कप हातातून निसटला. दुपारी साबण निसटला, मग चावी. बोटं नुसती गुळगुळीत झाल्यासारखी वाटतात, पकडच बसत नाही. सारखे हात धुतल्यावर दुसरं काय होणार. मलम आणलं.

खालच्या चष्मेवाल्याशी ओळख झाली. बोलका आहे, स्वतःचाच चष्मा कपाळावर ठेवून शोधत असतो. त्याने विचारलं, वर नवीन का. म्हणाला, पूर्वी एक ठसेवाली होती, चांगली होती हो, पण शेवटी शेवटी तिला माझं दुकानच ओळखू येईना. मी विचारलं, गेली कुठे. तर म्हणाला, आतच असते की, हातमोजे घालते. मग त्याचं गिऱ्हाईक आलं. त्याचा काहीतरी घोटाळा झाला असणार. आत तर बाई असतात.

११ मार्च, बुधवार

आज जे बघितलं ते लिहून डोक्यातून काढून टाकायचंय.

बाई बाहेरच्या कपाटातून कागद काढत होत्या. कपाटाच्या कडीत मोजा अडकला आणि हात तेवढा बाहेर आला. उकडून सोललेल्या बटाट्यासारखा होता. पांढरा, ओलसर, फुगलेला. तळव्यावर एकही रेषा नाही. बोटं वळतात तिथे सुरकुती तरी पडते ना, तीही नाही. हात जरासा पिचका होता, आत हाड असेल असं वाटेना. आणि त्या कोऱ्या मांसाच्या टोकांना, पाचही बोटांच्या पेरांवर, ताजी भोवऱ्यांची नक्षी. काळपट, अजून न वाळलेली, कडेला कागदाचा लगदा चिकटलेला.

घाई न करता त्यांनी मोजा चढवला. आतून चप्प असा ओला आवाज आला. मी बेसिनपाशी धावले आणि दोनदा हात धुतले.

बाईंनी मागून विचारलं, बरं नाही का. आवाज आज सपाट नव्हता, काळजीचा होता. तेही मला आवडलं नाही.

आत्ता दिव्याखाली माझी बोटं बघितली. पेरं कोरी आहेत.

१४ मार्च, शनिवार

धाकटीचं पत्र आलं. पुढच्या सोमवारी, तेवीसला, येते म्हणते. खुशीत आहे, चार पानं लिहिली आहेत. मी दीड पान वाचलं आणि बाजूला ठेवलं. कंटाळा आला. एवढं काय त्यात.

संध्याकाळी बाई बाहेर येऊन बसल्या. म्हणाल्या, चिऊ येणार ना सोमवारी? तिला उजव्या कानाने कमी ऐकू येतं, जिन्यात जपायला सांग. उशी डावीकडे लागते तिला. डोळे पाण्याने भरले होते बाईंचे. त्यांनी ते मोज्याच्या पाठीने पुसले आणि मोज्यावर करडा डाग पडला.

धाकटीला चिऊ फक्त आई म्हणायची, आणि आईनंतर मी. या वहीतसुद्धा मी ते नाव कधी लिहिलेलं नाही. कानाचं तर कुणालाच ठाऊक नाही. ती स्वतः लपवते.

मला संताप यायला हवा होता. आला नाही. एका परक्या बाईच्या गालावर माझं रडू वाहत होतं, आणि मला नुसतं एवढंच वाटलं की पुसायला तिने स्वच्छ रुमाल घ्यायला हवा होता.

१७ मार्च, मंगळवार

सगळं नीट लिहिते. क्रमाने.

दुपारी बाई चष्मा दुरुस्त करायला खाली गेल्या. आत नळ गळत होता. गळणारा नळ मला सहन होत नाही, म्हणून पडदा सारून आत गेले. वास आला. तोंडात खूप वेळ धरलेल्या चिंधीचा येतो तसा. खिडकीपाशी एनॅमलचं तसराळं, त्यात कोमट, बुळबुळीत पाणी, आणि पाण्यात माझे कागद. रविवार सोडून रोज सकाळी टोपलीत टाकलेले. बारा होते. सगळे कोरे. त्यांच्यावरची शाई कुणीतरी शोषून घेतली होती. बाईंच्या गादीच्या उशाशी आजचा तेरावा पडला होता, त्यावर अर्धीच हृदयरेषा उरली होती आणि कडेने जिभेचा ओला ओघळ.

मी तिथेच उभी असताना बाई परत आल्या. रागावल्या नाहीत. मोजे काढले आणि दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. फुगीर पांढऱ्या मांसावर माझी भाग्यरेषा होती, मनगटापासून वर चढलेली, एका जागी मोडलेली, माझी मोडली होती तशीच. वर हृदयरेषा, अजून ओली. तिच्या फाट्यांत कागदाचा लगदा पांढरा पांढरा अडकला होता. बाईंनी तो नखाने काढला आणि बोलता बोलता खाल्ला.

म्हणाल्या, मीही तुझ्यासारखी बाहेर बसायचे. आत कुणीतरी दुसरी होती. तिने माझं घेतलं आणि गेली. कोऱ्या हाताने बाहेर पडता येत नाही बाळा, जायचं कुठे तेच कळत नाही. गिऱ्हाइकांचे ठसे उपयोगाचे नाहीत, ते पाकिटात घालून घरी नेतात, ते त्यांचेच राहतात. टाकलेला ठसा मात्र कुणाचाच नसतो. मी वाट बघत बसले. कितीजणी आल्या, पण स्वतःचा हात छापून रोज सकाळी टोपलीत टाकणारी तूच पहिली. मी काही चोरलं नाही, तू टाकलंस.

मी पिशवी भरली आणि जिना उतरले. चष्म्याच्या दुकानासमोर येऊन उभी राहिले. डावीकडे रस्ता, उजवीकडे रस्ता. कुठे जायचं ते सुचेना. खरंच सुचेना. स्टेशन या शब्दाचा अर्थ कळत होता, पण आपण तिकडे जायचं असतं हे मनात उमटेना. तासभर तशीच उभी होते. चष्मेवाल्याने आत बोलावून पाणी दिलं आणि त्यानेच हाताला धरून वर आणून सोडलं. भला माणूस आहे.

मग ही वही उघडली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात सगळ्या रेषा आहेत. पाचव्या तारखेच्या पानावर बोटांची पेरं नाहीत. अकरा तारखेच्या पानावर भाग्यरेषा फिक्की पडलेली. चौदा तारखेच्या पानावर ती नाहीच, हृदयरेषाही अर्धी. आज तिचा एक तुकडा, आणि खाली मस्तकरेषा आणि आयुष्यरेषा तेवढ्या शाबूत. वण आहे अजून.

उद्यापासून शाई तपासायची नाही. आणि धाकटीला येऊ द्यायचं नाही. तीही सकाळी काच पुसेल, शाई पसरेल आणि आधी आपला हात छापेल. बाबांनी शिकवलंय.

१९ मार्च, गुरुवार

दोन दिवस नुसत्या नजरेने शाई जोखली. टोपलीत काही टाकलं नाही. बाई आतून खोकतात. भुकेलं माणूस खोकतं तसं.

काम संपल्यावर टेबलावरच धाकटीला पत्र लिहायला घेतलं. येऊ नकोस. काही झालं तरी येऊ नकोस, मी कितीही बोलावलं तरी. हाताचा ठसा उठलेला कागद हातातल्या हातात फाडत जा, जाळत जा, टाकू नकोस. पान भरलं. लिहिताना रडू आलं, थोडंसं, जेवढं उरलंय तेवढं. बरं वाटलं.

लिहून झाल्यावर बघितलं तर सगळं पत्र बरबटलेलं. डावा हात धुतलाच नव्हता. मधोमध काळा पंजा उठला होता, अक्षरांवर डाग, किळसवाणा प्रकार. असलं घाण पत्र बहिणीला कसं पाठवायचं. चुरगळून टोपलीत टाकलं आणि हात धुवायला गेले. म्हटलं, स्वच्छ हातांनी नवीन लिहू.

तीन वेळा साबण लावला. टॉवेलला पुसले. परत आले तेव्हा टोपली रिकामी होती.

नवीन कागद पुढे ओढला, पेन उघडलं. लिहायचं काय होतं ते आठवत होतं, सगळं, शब्द न् शब्द. का लिहायचं तेवढं कळेना. येतेय तर येऊ दे. सगळ्यांच्याच बहिणी कुठे ना कुठे जात असतात.

पडद्याआड बाई हुंदके देऊन रडत होत्या. चिऊ, चिऊ म्हणत होत्या.

२० मार्च, शुक्रवार

पत्र लिहायला हवं, असं काल या वहीत लिहिलंय. माझंच अक्षर आहे. नियम म्हणून लिहून टाकावं, हिशोबाने, मायेची काय गरज. बुद्धी शाबूत आहे अजून.

उद्या सकाळी लिहीन. आज नऊ हात होते. एकीच्या तळव्याला चामखिळी. त्या दाबून धरताना बोटाखाली सरकत होत्या.

२१ मार्च, शनिवार

सकाळी काच पुसली. शाई पसरली. रूळ फिरवला आणि — हात गेला. आपोआप. वीस वर्षांची सवय. डाव्या तळव्यावर रूळ, कागदावर तळवा, कागद टोपलीत. झाल्यावर कळलं.

वाकले काढायला. टोपलीत मोजा घातलेला हात आधीच — पडद्याखालून आलेला, लांब — तो इतका लांब कसा —

सकाळी एक काम ठरवलं होतं. कागदाचं काहीतरी. कुणालातरी. आठवत नाही.

त्या बेसिनपाशी असतं ना, पांढरं, फेस येतो ते. त्याचं नाव — धाकटी हसते मला त्यावरून.

२२ मार्च, रविवार

पानावर एकच रेषा उठते आता. अंगठ्याभोवती. आणि तिच्या तोंडाशी तो — लागलेलं होतं तिथे, पूर्वी.

मागची पानं वाचली. एका बाईची गोष्ट आहे. फार नाक मुरडते. तिला पुढे काय होणार ते मला तिच्या आधी कळतं.

बाई बाहेर येऊन सगळं घासतात. काच, टेबल, नळ. वास नको म्हणतात. मोजे घालत नाहीत आता.

२३ मार्च, सोमवार

धाकटी आली.

जिन्यात पाय वाजले आणि बाई धावल्या. जप गं, कडेकडेने ये. ओळखीची हाक वाटली असेल, तिने आधी बाईंनाच मिठी मारली — मग माझ्याकडे बघितलं. ताई, किती वाळलीस. ताई, बोल ना काहीतरी. तिचा हात माझ्या गालावर होता. ऊन होता, एवढंच.

बाई म्हणाल्या तुझी ताई दमली आहे, तिला आराम दे, तू लाग कामाला. धाकटीने लगेच बाह्या सरसावल्या. बाबांचा रूळ बघून तिचे डोळे भरले. काच पुसली. शाई पसरली. मग हसून म्हणाली, पहिला मान ताईचा. माझा डावा हात धरला. नको — म्हणणार होते. नको कशाला ते —

छापला. एकच रेषा आली कागदावर. अंगठ्याभोवती, फिक्की.

धाकटीने तो उजेडात धरला, दोन्ही बाजूंनी बघितला. बाबांसारखं तोंड केलं. म्हणाली, छे, उठलाच नाही नीट, शाई पातळ झाली. आणि टाकला टोपलीत.

थंडी वाजते आहे.

दुपारी बाई माझी पिशवी घेऊन निघाल्या. अंगात माझा कोट. धाकटीला कुशीत घेतलं, खूप वेळ. डोळे पुसले. जिन्याला वळताना माझ्याकडे बघितलं, माझ्या हातांकडे, आणि नाक मुरडलं. अगदी तसंच. मग बेसिनपाशी परत जाऊन हात धुतले — साबण — साबण म्हणतात त्याला. वडी कोरडी करून ठेवली. गेल्या. तळव्याला वण होता.

२४ मार्च, मंगळवार

आत असते आता. मोजे मिळाले. आतून ओलसर आहेत. चालतं.

वास येत नाही कसला. तसराळ्यातलं पाणी प्यायले. चालतं.

बाहेर काच पुसल्याचा आवाज. रूळ. शाई चुरचुरते आहे. धाकटी गुणगुणते. आता ती आपला — आधी आपला हात — बाबांनी —

कागद टोपलीत पडला.

पहिल्या पानापासून परत वाचलं, बोट ठेवून. कळलं. ओरडायला हवं तिला. डाव्या बाजूने, उजव्या कानाने ऐकू येत नाही. पळ म्हणायचं. असं लिहिलंय, मी लिहिलंय. ओरडणार आहे.

आधी तो कागद घेऊन जाळायचा. पडद्याखालून हात पोचतो. धाकटी म्हणाली, राहू दे गं, मी टाकते कचरा. मी म्हटलं, तेवढं माझं काम.

मिळाला. जाळायचा. काडेपेटी कपाटात आहे, उठायचं, चार पावलं. कागद ओला आहे. शाई थोडी जाड. सगळ्या रेषा आहेत हिच्या. हृदयरेषा केवढी लांब, कडेपासून कडेपर्यंत, एकही यव नाही — यव, बघ, शब्द आठवला — नुसता हातात धरला तर आठवला — चिऊ —

चिऊ. रडू येतंय. ओरडते. ओरडते आत्ता. एवढी एकच कड, जिभेला लावून, म्हणजे तिला नीट हाक —